रोजचा एक प्रश्न: मित्रांच्या ग्रुपवर सामान्यज्ञान चालवायचं कसं

'आजचा प्रश्न' सुरू करणारे ग्रुप ढिगाने सापडतात. तिसऱ्या आठवड्यातही तो चालू असलेला ग्रुप मात्र शोधावा लागतो. का बंद पडला विचारलं की "लोकांना वेळच नाही हो" असं उत्तर येतं. मला ते पटत नाही. उत्तरावरून भांडायला तर सगळ्यांना भरपूर वेळ असतो. प्रश्न बंद पडतो तो उत्तर चुकीचं निघाल्यामुळे, एका दिवसात दहा-दहा प्रश्न ओतल्यामुळे, किंवा संध्याकाळी उत्तर टाकायचंच राहून गेल्यामुळे.

शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर गेली चार वर्षं मी हे काम करतोय. एकवीस जण आहोत: बरेचसे पुणे-नाशिककडचे, एक मडगावची, एक दुबईला, दोघं न्यू जर्सीत. खालच्या बहुतेक सूचना मी आधी चुका करून मग शिकलेल्या आहेत. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. लोक थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं राहिलेलं नंतर भर ग्रुपमध्ये निस्तरत बसतात.

## १. जागा, वेळ आणि उत्तराची पद्धत आधी ठरवा

मुख्य ग्रुपवर प्रश्न टाकू नका. तिथे सकाळी सुप्रभातची फुलं, कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस आणि सोसायटीच्या पाण्याची सूचना असते. त्यात तुमचा प्रश्न साडेनऊपर्यंत वर वाहून जातो. वेगळा ग्रुप काढा. मात्र लोकांना परस्पर त्यात टाकू नका, आमंत्रणाची लिंक पाठवा. लिंकवरून स्वतः आलेला माणूस उत्तर देतो, कोंबलेला माणूस ग्रुप म्यूट करतो.

वेळ एकच ठेवा. आम्ही प्रश्न सकाळी ९ ला टाकतो आणि उत्तर रात्री ९ ला. परदेशातले लोक असतील तर घड्याळ लावून बघा. आपल्याकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात झालेले असतात, आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथला माणूस प्रश्न झोपताना वाचतो आणि उत्तर उठल्यावर देतो. बारा तासांची मुदत असेल तर ते चालतं. "पहिलं उत्तर देणाऱ्याला गुण" असा नियम केलात तर तो बिचारा कायमचा बाद.

उत्तर कुठे द्यायचं? दहापर्यंत माणसं असतील तर तुम्हाला खासगीत पाठवू द्या. जास्त असतील तर पोल घ्या. ग्रुपवर उघड उत्तरं लिहायला सांगितलं की पहिल्या हुशार माणसानंतरचे सगळे "मीही तेच म्हणणार होतो" एवढंच लिहितात.

तपासा: तीनही गोष्टी ग्रुपच्या वर्णनात लिहिल्यात का? तोंडी सांगितलेला नियम पहिल्याच वादात विरघळतो.

## २. चौदा प्रश्न हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका

रोज सकाळी चहा घेता घेता प्रश्न शोधणारा माणूस नवव्या दिवशी थकतो. मग कुठून तरी आलेला फॉरवर्ड पुढे ढकलतो, आणि तिथून घसरण सुरू होते. दोन आठवड्यांचे प्रश्न तयार असू द्या. पुढे दर रविवारी सात नवे घाला. म्हणजे एखादा आठवडा आजारपणात किंवा लग्नात गेला तरी साठा उरतो.

साधी शीट पुरे. रकाने असे: प्रश्न, उत्तर, कुठे तपासलं, कधी तपासलं, कोणत्या दिवशी टाकला, किती जणांचं बरोबर आलं. 'कधी तपासलं' हा रकाना लोक गाळतात, पण खरा उपयोग त्याचाच होतो. कारण सामान्यज्ञान शिळं होतं. जुन्या पुस्तकात महाराष्ट्राचे ३५ जिल्हे असतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ते ३६ झाले. जुन्या गाइडमध्ये २९ राज्यं आणि ७ केंद्रशासित प्रदेश छापलेले असतात. आज २८ आणि ८ आहेत. नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. स्पर्धा परीक्षेची जुनी पीडीएफ उघडून तिथून प्रश्न उचलणाऱ्यांची इथेच फजिती होते. शिवाय त्या पीडीएफमधला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि कॉपी केला की त्याची चिन्हांची खिचडी होते. ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा प्रश्न हाताने लिहा. लिहिताना तो वाचलाही जातो.

विषय वारानुसार लावले की शोधणं सोपं जातं. आमच्याकडे सोमवारी भूगोल, मंगळवारी सिनेमा, बुधवारी खेळ, गुरुवारी विज्ञान, शुक्रवारी पुस्तकं आणि भाषा असते. शनिवारी गाणी आणि मालिका. रविवारी कुणीतरी दुसराच प्रश्न विचारतो, मला सुट्टी.

## ३. उत्तर आधी तपासा, प्रश्न नंतर लिहा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे, म्हणून सर्वांत जास्त गाळली जाते.

दोन ठिकाणी तपासा, पण ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नसावीत. पाच संकेतस्थळांवर एकच वाक्य शब्दशः सापडलं तर तो एकच पुरावा धरा. कायदा, जिल्हे, पुरस्कार यांसाठी शासनाचं किंवा पुरस्कार देणाऱ्या संस्थेचं पान बघा. खेळासाठी त्या खेळाच्या किंवा ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदी. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि फार कामाचा आहे, फक्त त्यातल्या लोकसंख्येसारख्या आकड्यांचं वर्ष बघून घ्या. एआय चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो चुकीचं उत्तरही त्याच ठामपणे देतो. त्याचं म्हणणं पुन्हा कुठेतरी पडताळावंच लागतं.

काही 'सर्वांना माहीत असलेली' उत्तरं ही चक्क चुकीची आहेत. तीन तर मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर बघतो:

- "भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी." कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानेच २०१२ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना सांगितलं आहे.
- "भारताची राष्ट्रभाषा हिंदी." राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाही.
- "युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं." युनेस्कोने असं काही केलेलं नाही.

सावध: एखाद्या मेसेजवर दुहेरी बाणासह 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली तर त्यातून प्रश्न घेऊ नका. घ्यायचाच असेल तर "हे खरं की खोटं?" असा घ्या. असे प्रश्न उलट छान रंगतात.

## ४. प्रश्न असा लिहा की उत्तर एकच येईल

इथे जरा थांबून बोलतो, कारण नव्वद टक्के भांडणं या पायरीवर जन्माला येतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, त्यावर प्रश्न काढू नका.

माझीच गोष्ट. पहिल्या वर्षी मी विचारलं: "ऑलिंपिकमध्ये भारतासाठी पहिलं वैयक्तिक पदक कोणी जिंकलं?" मनात खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य. सोळा जणांनी तेच लिहिलं. दुबईच्या मित्राने लिहिलं, नॉर्मन प्रिचर्ड, पॅरिस १९००, दोन रौप्य. ऑलिंपिकच्या नोंदीत ती पदकं भारताच्या खात्यावर आहेत. म्हणजे माझ्या प्रश्नाला त्याचंच उत्तर बरोबर होतं आणि सोळा जण चूक. रात्री साडेबारापर्यंत ग्रुप पेटला होता. एकाने साताऱ्याचा अपमान झाल्याचं जाहीर केलं. एकच शब्द राहिला होता: "*स्वतंत्र* भारतासाठी".

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न लिहून झाला की मी तो चार चाळण्यांतून काढतो.

'पहिला' या शब्दाची चाळणी. पहिला, सर्वांत मोठा, एकमेव, असं काही आलं की कुठला, कधीपासून, कशातला, हे लिहिलंय का बघा. "भारताचा पहिला चित्रपट कोणता?" हा प्रश्न सोपा वाटतो. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पण दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला लागून गेला होता. ते नाटकाचं चित्रण होतं म्हणून बरेच जण त्याला मोजत नाहीत, काही जण मोजतात. हा वाद मिटवणं तुमच्या ग्रुपचं काम नाही. वादाची जागाच टाळा आणि शेजारचं काहीतरी विचारा. ते कसं, ते पुढे सांगतो.

रेल्वेचंही तसंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली ती पहिली *प्रवासी* गाडी. मालासाठी रूळ त्याआधी मद्रासकडे पडले होते.

वर्षाची चाळणी. सचिन तेंडुलकरला भारतरत्न कधी? जाहीर झालं १६ नोव्हेंबर २०१३ ला, प्रदान झालं ४ फेब्रुवारी २०१४ ला. दोन्ही उत्तरं बरोबर, म्हणून प्रश्न चूक. सिनेमाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत हे हमखास होतं. पुरस्कार एका वर्षाच्या चित्रपटांचा असतो आणि सोहळा त्यानंतरच्या एखाद्या वर्षी होतो. 'श्यामची आई'चं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५३ च्या चित्रपटांसाठी, समारंभ १९५४ चा. शक्यतो वर्ष विचारूच नका. वर्ष प्रश्नात द्या आणि माणूस किंवा कलाकृती विचारा.

गूगलची चाळणी. तुमचा प्रश्न जसाच्या तसा शोधात टाका. पहिल्या ओळीतच उत्तर आलं तर प्रश्न वाया गेला. दोन माहित्या जोडाव्या लागतील असा तो वळवा. "पहिलं मराठी ज्ञानपीठ कोणाला?" याऐवजी "खांडेकर, शिरवाडकर, करंदीकर. या रांगेत चौथं नाव कोणाचं?" असं विचारा. आधी रांग कशाची हे ओळखायचं, मग भालचंद्र नेमाडे आठवायचे. खाशाबांचा प्रश्नही असाच सुधारला: "स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचं कांस्य जिंकलं. त्याआधी ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक महाराष्ट्रात किती वर्षांपूर्वी आलं होतं?" उत्तर ७२. कुणी ओरडलं नाही.

काकूंची चाळणी. ज्यांना विषयाची आवड नाही अशा घरातल्या कुणाला तरी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. "म्हणजे काय विचारलंय?" असं त्यांनी विचारलं तर पुन्हा लिहा. दोन ओळींच्या वर गेलेला प्रश्न मोबाइलवर कुणी नीट वाचत नाही.

सिनेमा-मालिकांसाठी दोन जास्तीचे नियम. नव्या चित्रपटाच्या शेवटाबद्दल किंवा रहस्याबद्दल महिनाभर काही विचारायचं नाही. अजून न पाहिलेले लोक ग्रुप सोडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. आणि एकाच नावाचे दोन चित्रपट निघालेले असू शकतात, म्हणून नावापुढे वर्ष लिहायचंच.

## ५. पर्याय आणि पोल

पर्याय दिले की भाग घेणारे वाढतात, हे नक्की. पण पर्याय खोटे वाटायला नकोत. "महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?" याला एव्हरेस्ट हा पर्याय टाकणारे लोक आहेत! साल्हेर, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर हे द्या. मग कळसूबाईवर (१६४६ मीटर) बोट ठेवण्याआधी माणूस क्षणभर थांबतो. बरोबर पर्यायाची जागा रोज बदला. आमच्याकडे एकीने तीन आठवडे निरीक्षण करून सांगितलं की मी उत्तर कायम तिसरं ठेवतो. तोवर ती न वाचताच गुण घेत होती.

व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये तीन खाचखळगे आहेत:

१. एकापेक्षा जास्त पर्याय निवडू देण्याचं बटण बंद केलंय का बघा. नाहीतर लोक चारही निवडतात.
२. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. ग्रुपमधल्या 'विद्वाना'ने आधी मत दिलं की बाकीचे त्याच्यामागे जातात. उपाय म्हणजे त्या माणसाला संध्याकाळी मत द्यायची विनंती करणं. मी खरंच केली, आणि तो खूश झाला.
३. मत नंतर बदलता येतं. म्हणून उत्तर टाकण्याआधी, ९ ला दोन मिनिटं असताना, मतांचा स्क्रीनशॉट घ्या. हा नियम मी एका जवळच्या मित्रामुळे केला. तो कोण, हे ग्रुपला माहीत आहे.

टेलिग्रामवर प्रश्नमंजुषेचा वेगळा पोल असतो. त्यात दिलेलं उत्तर बदलता येत नाही, बरोबर पर्याय लगेच दिसतो आणि दोन ओळींचं स्पष्टीकरणही जोडता येतं. संदेश वेळ लावूनही ठेवता येतो. सगळे तिथे असतील तर जरूर वापरा. एकट्या प्रश्नासाठी लोकांना नवं अॅप घ्यायला लावू नका.

## ६. सकाळी टाकताना

प्रश्न मजकूर म्हणूनच टाका. रंगीत चित्रावर लिहिलेला प्रश्न ज्येष्ठांना मोठा करून वाचावा लागतो, आणि ज्यांचं फोटो डाउनलोड बंद असतं त्यांना धुरकट चौकोन दिसतो. आधी विषय आणि क्रमांक लिहा ("मंगळवार, सिनेमा, प्रश्न ४१२"), मग प्रश्न, शेवटी मुदत. टाकला की २४ तासांसाठी पिन करा.

चित्र ओळखायचा प्रश्न असेल तर अख्खा फोटो देऊ नका. कॅमेऱ्याने शोधणारी अॅप पाच सेकंदांत उत्तर काढतात. पोस्टरचा कोपरा, किल्ल्याचा एकच बुरूज, असं कापून द्या. गाण्याचा प्रश्न असेल तर मूळ गाण्याची फाइल न पाठवता अंतरा स्वतः गुणगुणून व्हॉइस नोट टाका. माझ्या आवाजात गाणं ओळखणं अवघड जातं, त्यामुळे प्रश्न आपोआप कठीण होतो.

चूक लक्षात आली तर: पंधरा मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो, पण तोवर दोघांनी वाचलेलाच असतो. गुपचूप बदलू नका. "प्रश्न रद्द, नवा खाली" असं लिहा आणि साठ्यातला पुढचा टाका.

सावध: "तुमची पहिली शाळा कोणती", "पहिल्या पाळीव कुत्र्याचं नाव काय", "आईचं माहेरचं आडनाव काय" असे 'गमतीचे' प्रश्न विचारू नका. पासवर्ड विसरल्यावर खाती उघडायला हेच प्रश्न वापरतात. 'प्रश्नमंजुषा खेळा, बक्षीस मिळवा' अशा लिंका ग्रुपवर आल्या आणि त्यांनी फोन नंबर किंवा ओटीपी मागितला, तर लगेच काढून टाका.

## ७. रात्रीचं उत्तर

उत्तराचा एक शब्द टाकून पळू नका. दिवसभर वाट पाहिलेल्या माणसाला त्या शब्दामागची चार वाक्यं हवी असतात. मागे फाळक्यांच्या जवळचा प्रश्न काढायचा म्हटलं होतं, तो मी असा टाकला आणि असा उलगडला:

> प्रश्न ४१२: १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. कोणी?
>
> उत्तर: अण्णा साळुंके. स्त्रिया चित्रपटात काम करायला तयार नसायच्या, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी आधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केलं. चार वर्षांनी ते सीता झाले आणि रामही.
>
> बरोबर: २१ पैकी ६. उद्या बुधवार, खेळ.

प्रश्न पुन्हा लिहिलाय, कारण रात्रीपर्यंत तो कुणाच्या लक्षात नसतो. चुकलेल्यांची नावं कधीच लिहायची नाहीत. उत्तराला उशीर होणार असेल तर तसं कळवा. न कळवता दोनदा उत्तर टाकायचं राहिलं की तिसऱ्या दिवशी लोकांची उत्तरं येणं थांबतं, हे मी स्वतः पाहिलंय.

तपासा: 'किती जणांचं बरोबर' हा रकाना भरा. सलग तीन दिवस दोघा-तिघांचंच बरोबर येत असेल तर प्रश्न फार अवघड झालेत. सगळ्यांचं येत असेल तर फार सोपे. मला अर्ध्याच्या थोडं वर बरं वाटतं.

## ८. गुण आणि तक्रारी

गुण आठवड्याचे ठेवा आणि सोमवारी पाटी कोरी करा. वर्षभराची बेरीज ठेवली की फेब्रुवारीतच तीन जण पुढे निघून जातात आणि बाकीचे बघे होतात. वेगाला गुण नाहीत. बक्षीस असलंच तर पुढच्या भेटीत वडापाव.

तक्रार आली तर लगेच उत्तर देऊ नका. "बघून सांगतो, उद्या सकाळी" एवढंच लिहा. तक्रार करणाऱ्याकडे विश्वासार्ह पुरावा असेल तर त्यालाही गुण द्या आणि तुमची चूक प्रश्नाच्याच जागी, सगळ्यांसमोर मान्य करा. शीटमध्ये लाल खूण करा, म्हणजे तोच प्रश्न दोन वर्षांनी पुन्हा येणार नाही. जात, पक्ष आणि ग्रुपमधल्याच कुणाचं खासगी आयुष्य यांवर प्रश्न नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगून टाका. त्यावर चर्चा नको.

## ९. काम दुसऱ्याकडे देताना

एकाच माणसाने वर्षभर प्रश्न काढले की ते त्याच्याच आवडीचे होतात. माझ्या प्रश्नांत क्रिकेट फार आणि विज्ञान जेमतेम, असं शीटच सांगत होती. म्हणून आता दर तीन महिन्यांनी माणूस बदलतो. देताना नुसतं अॅडमिन करू नका, शीट द्या, आणि तिच्यात न वापरलेले किमान सात प्रश्न शिल्लक ठेवा. पहिला आठवडा जुन्या माणसाने प्रश्न टाकण्याआधी वाचून बघावेत. सध्या मडगावच्या मैत्रिणीकडे काम आहे. तिच्या पहिल्याच प्रश्नात 'गोव्यातला पहिला' असं होतं. मी परत पाठवला.